बुडालेल्या जहाजाच्या भेटीला

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कोणीतरी एखाद्या प्रवासाची हकीगत सांगायची, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. आजवर आपण याच सतरंजीवर बसून काशी पाहिली, रामेश्वर पाहिले, बद्रीनाथची थंडीही अनुभवली. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव सुचविले आणि विषयही त्यांनीच देऊन टाकला. "गोव्याला समुद्राच्या तळाशी जाऊन आलात, तिथे काय पाहिलेत ते सांगा." सूचनापत्रिकेत हा विषय वाचून काही भगिनींना हसू आले असे कानावर आले. हसू येणे साहजिकच आहे. नगर जिल्हा आणि समुद्र यांचा संबंध काय? दक्षिणेकडे टँकरची वाट पाहणारी गावे आणि उत्तरेकडे प्रवरेच्या पाटाचे पाणी, एवढीच आपली पाण्याशी ओळख. परंतु माझे बोलणे पूर्ण होईपर्यंत हा विषय आपल्या घरच्या विहिरीपर्यंत येऊन पोहोचेल, असे मी आधीच सांगून ठेवते.

आम्ही अकरा जणी निघालो होतो. सर्वांत धाकटी पस्तिशीची, सर्वांत वडील त्रेसष्ट वर्षांच्या. गोवा एक्सप्रेस आपल्या नगर स्टेशनावरूनच जाते आणि थेट वास्कोला नेऊन सोडते, ही मोठीच सोय. पुणे, मिरज, लोंढा अशी वाट करीत गाडी रात्रभर धावते आणि घाट उतरून गोव्यात शिरते. वास्कोजवळ बोगमाळो नावाचा किनारा आहे. त्याच्या समोर समुद्रात एक डोंगराळ बेट दिसते, ते ग्रांडे बेट. या बेटाच्या आश्रयाला एक जुने लोखंडी मालवाहू जहाज बुडून पडले आहे. पाणबुडे त्याला 'सुझीचे जहाज' म्हणतात. जहाज फार खोल नाही. त्याचा काही भाग इतक्या उथळ पाण्यात आहे की नवशिक्या माणसालाही शिक्षकाबरोबर तेथवर जाता येते. ते पाहावयाचे, म्हणून आमचा हा खटाटोप.

"बुडालेल्या जहाजात पाहण्यासारखे काय असते?" असे मला घरात विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, गोव्याच्या त्या टापूत समुद्राचा तळ म्हणजे एक बखरच आहे. दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या संशोधकांनी या भागात बुडालेली अनेक जहाजे शोधून काढली आहेत. सुंची नावाच्या खडकाजवळ सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. त्यात हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दात होते, चिनी मातीची भांडी होती. पाणघोडा आपल्याकडे होत नाही, तो आफ्रिकेचा. म्हणजे त्या जहाजाचा व्यापार कोठवर पसरला होता ते एका दातावरून कळते.

सेंट जॉर्ज खडकाजवळ सापडलेले जहाज तर मला आपल्या अंगणातलेच वाटले. त्यात सोने नव्हते, रुपे नव्हते. त्यात होती कौले आणि भाजलेल्या मातीच्या विटा. त्यांच्यावर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव उठविलेले. १८६५ साली मंगळूरला हा कारखाना निघाला, आणि त्याची कौले पुढे इतकी पसरली की आपण त्या जातीच्या कौलांना आजही 'मंगलोरी' म्हणतो. माझ्या माहेरच्या घरावर मंगलोरी कौले होती. पावसाळ्याआधी ती चाळताना आजोबा खालून ओरडत, "सांभाळून, फुटतील!" ज्या कौलांखाली एखाद्या बाईचा संसार उभा राहायचा, ती शे-सव्वाशे वर्षे समुद्राच्या तळाशी पडून राहिली. इतिहासात लढाया असतात, तह असतात. बायकांच्या घरावरची कौले मात्र बखरीत सापडत नाहीत, ती अशी समुद्रातच सापडतात.

आता आमच्या तयारीविषयी. पाण्याखाली श्वास घेण्याचे जे साधन आज सर्वत्र वापरतात, ते १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी सिद्ध केले. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी असते. पुष्कळांना वाटते की तीत प्राणवायू असतो. तसे नाही. तीत आपण आता घेत आहोत तीच साधी हवा असते, गाळून आणि दाबून भरलेली. टाकीपासून एक नळी तोंडाशी येते. नाक मुखवट्यात झाकलेले, म्हणून श्वास तोंडानेच घ्यायचा. पायांत बदकासारखे लांब पंखे. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत घट्ट रबरी अंगरखा. पोशाखाविषयी काही भगिनींनी फार चौकशी केली होती, त्यांच्यासाठी सांगते की इतके अंग झाकणारा पोशाख आमच्या आजीच्याही ट्रंकेत नव्हता.

परंतु पोशाखाआधी आणखी एक गोष्ट होती. प्रत्येकीला एक छापील कागद भरून द्यावा लागला. दमा आहे काय, हृदयाचा विकार, रक्तदाब, कानाचे दुखणे, नुकतीच शस्त्रक्रिया, गरोदरपण, असे एकेक विचारलेले. आमच्यातल्या सर्वांत वडील बाईंना रक्तदाबाचा त्रास होता. नगरच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते की पाण्यात उतरू नका. कागदावर 'नाही' असे लिहून टाकणे त्यांना काय अवघड होते? कोण तपासायला बसले होते? पण त्यांनी खरे ते लिहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "मी नावेत बसून तुमच्या चपला सांभाळते." आणखी एकीला सर्दीने कान दडे बसले होते, तीही थांबली. मला या दोघींचे फार कौतुक वाटले. उतरणाऱ्यांच्या धीराचे सगळेच गोडवे गातात. थांबणाऱ्याच्या धीराची कोणी आठवण काढीत नाही.

किनाऱ्यावर शिक्षकाने आम्हांला तास-दीड तास धडा दिला. शिक्षक म्हणजे पंचविशीचा मुलगा, आम्हां सर्वांना 'मावशी' म्हणणारा. त्याने तीन गोष्टी घोकून घेतल्या. पहिली, खाली जाताना कानांवर दाब येतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, म्हणजे कान मोकळे होतात. दुखू लागले तर तेथेच थांबायचे. दुसरी, श्वास कधीही कोंडायचा नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दर दहा मीटर खोलीला आपल्या अंगावर हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर भरलेला फुगा वर येईपर्यंत दुप्पट होतो. आपली फुप्फुसे म्हणजे तसाच फुगा. खाली भरलेला श्वास कोंडून माणूस घाईने वर आला, तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून श्वास घेत राहायचा, सोडत राहायचा आणि वर यायचे ते सावकाश. तिसरी गोष्ट खुणांची. पाण्याखाली बोलता येत नाही. तर्जनी आणि अंगठा जोडून गोल केला म्हणजे 'ठीक आहे'. अंगठा वर दाखविला म्हणजे मात्र 'मला वर न्या'.

या तिसऱ्या धड्याची परीक्षा आमच्या कोषाध्यक्षीणबाईंनी दिली. पाण्यात उतरल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शिक्षकाला दोन्ही हातांचे अंगठे वर करून दाखविले. त्याने शहाण्या मुलासारखे त्यांना ताबडतोब वर आणले. बाई पाण्याबाहेर तोंड काढताच कडाडल्या, "अरे, मी छान चाललंय म्हणून सांगत होते!" त्यानंतर त्या पुन्हा गेल्या आणि गोल खूण करूनच परतल्या.

नाव सकाळीच निघाली. वारा चढण्यापूर्वी समुद्र शांत असतो. तांडेल नाव हाकण्यापूर्वी प्रत्येकीच्या अंगात तरंगजाकीट चढवून त्याचे बंद स्वतः ओढून पाहत होता. एकीने "उकडतं हो" म्हणून ते मांडीवर घेतले, तेव्हा त्याने इंजिनच बंद केले आणि म्हणाला, "मावशी, घाला. मग जाऊया." त्याचा आवाज चढला नाही, पण नावही हलली नाही. अर्ध्या-पाऊण तासात बेटाच्या आडोशाला आलो. नांगर पडला. माझी पाळी तिसरी होती.

भगिनींनो, पाण्याखालचे पहिले दोन श्वास मी जन्मात विसरणार नाही. सारा जन्म आपल्याला शिकविलेले असते की पाण्यात तोंड बुडाले तर श्वास घेऊ नये. आणि येथे तोच घ्यायचा. शरीर नाही म्हणते, बुद्धी हो म्हणते. स्वतःच्याच श्वासाचा घर्रर आवाज कानांत भरून राहतो, आणि सोडलेल्या हवेचे बुडबुडे चंदेरी छत्र्यांसारखे वर जातात. तीनचार मीटर गेल्यावर माझ्या मुखवट्यात थोडे पाणी शिरले. खारे पाणी डोळ्यांना झोंबले आणि वर झेप घ्यावी अशी तीव्र इच्छा झाली. त्या क्षणी किनाऱ्यावरचा धडा आठवला. मुखवट्याची वरची कड दाबून धरली, नाकाने जोराने श्वास सोडला, आणि पाणी निघून गेले. एवढीच गोष्ट. पण ती आधी ठाऊक होती म्हणून एवढीच राहिली.

आणि मग जहाज दिसले. जहाज म्हणजे चित्रातल्यासारखे डोलकाठीसह ऐटीत उभे असेल ही कल्पना सोडून द्या. लाटांनी आणि वर्षांनी त्याचे तुकडे केले आहेत. गढूळ हिरव्या पाण्यातून प्रथम एक काळी कमान पुढे आली, मग दुसरी, जणू एखाद्या प्रचंड जनावराच्या बरगड्याच. लोखंडी पत्रे वाकलेले, त्यांच्यावर शिंपल्यांचे थर. आणि त्या मोडक्या लोखंडाच्या आसऱ्याने केवढी वस्ती! पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे शाळा सुटल्यासारखे थव्याने फिरत होते. एका पत्र्याखालून एक जाड ओठांचा गोब्रा आमच्याकडे रागाने पाहत होता. एका कोपऱ्यात पिसाऱ्यासारखे पर पसरून एक पट्टेदार मासा निश्चल उभा होता. शिक्षकाने लगेच माझा हात मागे ओढला, कारण त्या देखण्या पिसाऱ्याचे काटे विषारी असतात. वालुकामय तळावर माशांना लपायला जागा नसते. जेथे जहाज पडते तेथे आडोसा होतो, आडोशाला शेवाळ आणि शिंपले धरतात, त्यांच्यामागून लहान मासे येतात, लहानांच्या मागून मोठे. एकाचा मोडलेला संसार अनेकांचे घर होतो.

पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, आणि लाल रंग सर्वांत आधी हरपतो. माझ्या मैत्रिणीच्या मनगटावर देवीचा लाल दोरा होता, तो तेथे मातकट तपकिरी दिसला. वर येताच पुन्हा लाल झाला. हात लावून काही उचलण्याची सक्त मनाई होती. ते योग्यच आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना कायद्याचे संरक्षण आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की कोणाच्या राहत्या घरातून आठवण म्हणून कौल काढून आणीत नाहीत.

परतीच्या वाटेवर आम्ही गप्प होतो. माझ्या मनात दुसरेच एक जहाज आले होते. आपल्या पिढीच्या आईवडिलांना 'रामदास' बोटीचे नाव सांगावे लागत नसे. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. तीत सणासाठी घरी निघालेली गिरणीतली माणसे होती, बायका होत्या, मुले होती. आणि हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २४ मे २०२२ ला तारकर्लीला, स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नाव किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून बुडालेले जहाज पाहायला जाणे ही जत्रा नव्हे. जेथे जहाज बुडते तेथे कोणाचे तरी माणूसही बुडालेले असू शकते. त्या तांडेलाने जाकिटासाठी इंजिन बंद केले, त्याचा मला राग आला नाही तो याचसाठी. उलट तसा तांडेल नसेल तर नावेत पाऊल ठेवू नये. जाकीट सर्वांना पुरेल इतके आहे काय, नावेत किती जण घेता, वारा कसा आहे, हे विचारायला बायकांनी लाजू नये. भाजीवाल्याकडे आपण एका जुडीसाठी पाच मिनिटे घासाघीस करतो. जिवाच्या बाबतीत तेवढी तरी चौकशी करावी.

आता महाराष्ट्रातही असे एक जहाज मुद्दाम बुडविण्याची योजना आखली गेली. आपल्या नौदलाची 'गुलदार' ही नौका १९८५ च्या डिसेंबरात सेवेत आली आणि १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झाली. २०२५ साली ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे देण्यात आली, ती सिंधुदुर्गातल्या निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय आणि माशांसाठी कृत्रिम खडक करावा म्हणून. ज्या गोव्याच्या समुद्रात अपघाताने घडले, तेच येथे विचारपूर्वक घडवावयाचे. म्हणजे यापुढे आपल्या लेकीसुनाही असल्या सहलींना जाणार, हे निश्चित समजा. प्रश्न एवढाच की त्या कशा जाणार?

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. आम्ही अकरा जणी होतो, त्यांपैकी पोहता येणाऱ्या फक्त तिघी. तिघीही लहानपणी कमरेला भोपळा किंवा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत शिकलेल्या. बाकीच्यांना शिक्षकाने धरून नेले आणि सुखरूप आणले, यात शंका नाही. पण त्यांचे अर्धे लक्ष जहाजाकडे आणि अर्धे त्याच्या हाताकडे होते. आणि विचार करा, समुद्रात एवढा बंदोबस्त असतो, शिक्षक असतो, जाकीट असते, दोर असतो. आपल्या शेततळ्यावर काय असते? प्लॅस्टिकचा गुळगुळीत कागद. त्यावरून पाय घसरला की चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसालाही वर चढता येत नाही. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते. धुणे धुवायला गेलेली मुलगी पडली, तिला काढायला बहीण उतरली, तिला काढायला आई. ही बातमी आपण वाचतो, चुकचुकतो, आणि घरातल्या मुलीला सांगतो, "पाण्याकडे जाऊ नकोस, तुला पोहता येत नाही." मुलगा असला तर त्याला सुट्टीत मामाच्या विहिरीवर पाठवितो. मुलीला पोहता येत नाही म्हणून पाण्याकडे जाऊ देत नाही, आणि पाण्याकडे जाऊ देत नाही म्हणून तिला कधी पोहता येत नाही! आणि पाणी आणायला, धुणे धुवायला मात्र पाण्याकडे तीच जाते.

आरती साहा या बंगाली मुलीने २९ सप्टेंबर १९५९ ला इंग्लिश खाडी पोहून पार केली. आशिया खंडातली ती पहिली स्त्री. आपल्या मुलींनी खाडी ओलांडावी असा माझा आग्रह नाही. त्यांनी शेततळ्याचा काठ गाठावा, एवढे पुरे. आणि ज्यांच्या नावाने आज आपला जिल्हा ओळखला जातो, त्या चौंडीच्या अहिल्यादेवींनी देशभर काय बांधले? घाट बांधले, विहिरी बांधल्या, बारवा बांधल्या. घाट म्हणजे तरी काय? माणसाला पाण्यापर्यंत सुरक्षितपणे उतरता यावे म्हणून केलेल्या पायऱ्या. पाण्यापासून लोकांना दूर हाकलण्यासाठी त्यांनी भिंत बांधली नाही.

म्हणून या वर्धापनदिनी मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या उन्हाळ्यात सभासदांसाठी आणि त्यांच्या मुली-सुनांसाठी पोहण्याचा वर्ग सुरू करावा. शिकविणारी बाई असावी. तलावाची वेळ बायकांसाठी राखून मिळावी म्हणून मंडळाने रीतसर अर्ज करावा. वर्गात येण्यापूर्वी डॉक्टरांचा दाखला घ्यावा, आणि तो खरा घ्यावा. पोहण्याबरोबरच, बुडणाऱ्याला काठावरून दोर, बांबू किंवा लुगडे टाकून कसे ओढावे आणि स्वतः उडी का घेऊ नये, हेही शिकवावे. आणि ज्या सभासदांच्या मळ्यात शेततळे आहे, त्यांनी त्याला कुंपण घालावे व चारही बाजूंना गाठी मारलेला एकेक दोर खाली सोडून ठेवावा. त्याला खर्च एका साडीहून कमी येतो.

कोषाध्यक्षीणबाईंनी वर्गासाठी पहिले नाव आजच स्वतःचे नोंदविले आहे. त्रेसष्ट वर्षांच्या आमच्या वडील बाईंनी काठावर बसून हजेरी घेण्याचे कबूल केले आहे. उरलेल्या नावांसाठी वही चिटणीसबाईंच्या टेबलावर उघडी ठेवलेली आहे. चहाला जाण्यापूर्वी आपण सर्वजणी तिकडून जाल, अशी मी आशा करते.